एका गावातून एकच

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराआडच्या एका लहान गावात वेणू आणि मैना नावाच्या दोन मैत्रिणी राहत होत्या. दोघींनाही वैद्य व्हायचं होतं. त्यासाठी राजधानीतल्या वैद्यपीठात प्रवेश मिळायला हवा होता, आणि तो मिळणं फार अवघड होतं. देशभरातून शेकडो मुलं परीक्षेला येत, त्यांतली मूठभरच आत घेतली जात. या गावातून तर आजवर कुणी गेलंच नव्हतं.

दोघी गावच्या गुरुजींकडे एकत्र शिकत. मैनाला झाडपाला चांगला ओळखता येई. वेणूला कोणत्या दुखण्यावर काय द्यायचं ते तोंडपाठ असे. एकीचं अडलं की दुसरी सांगे.

परीक्षा जवळ आली तेव्हा गावात एक वाटसरू मुक्कामाला थांबला. बोलता बोलता तो म्हणाला, की लहान गावातून वैद्यपीठात एकालाच घेतात. मुलींनी गुरुजींना विचारलं, पण त्यांनाही खात्रीने काही सांगता येईना.

त्या दिवसापासून मैनाच्या मनात भीती शिरली. वेणू हसली तर तिला वाटे, हिची तयारी झालेली दिसते. वेणू गप्प बसली तर वाटे, ही काहीतरी लपवते आहे. मैनाला जेवण जाईना. दोघी शेजारी बसत, पण मैना आता मोजकंच बोले.

एकदा वेणू ओढ्याकाठच्या वेलीचं पान खुडून घेऊन आली. तापावरच्या औषधाची वेल आणि एक विषारी वेल अगदी सारख्या दिसत. विषारी पानाच्या देठावर बारीक लव असे, एवढाच फरक.

"तापावरचं पान हेच ना गं?" वेणूने विचारलं.

मैनाने देठाकडे पाहिलं. त्यावर लव होती.

"असेल," ती म्हणाली आणि पोथीत डोकं घातलं.

परीक्षेच्या दालनात प्रत्येकापुढे पेटती शेगडी होती आणि बाजूला पाल्याच्या टोपल्या. आचार्यांनी सांगितलं, की तापावरचा काढा करायचा आणि स्वतःच प्यायचा. मधे जो दुसऱ्याशी बोलेल, त्याला बाहेर जावं लागेल.

मैनाने आपली पानं पाण्यात टाकली आणि मान वर केली. समोर वेणू निर्धास्तपणे लव असलेली पानं निवडत होती.

बोललं तर सगळं हातचं जाणार होतं. कुणीतरी वेणूला थांबवेल, असं मैना मनाशी म्हणत राहिली. पाणी उकळलं, काढा गाळून झाला, तरी कुणी हललं नाही. वेणूने पेला उचलला तशी मैना धावली आणि तिने तो हातातून पाडला.

"पिऊ नकोस. विष आहे ते."

दोघींनाही बाहेर काढण्यात आलं. दाराशी मैनाने आचार्यांना विचारलं, "आमच्या गावातून एकीलाच घेणार होतात ना?"

आचार्यांना नवल वाटलं. "असा नियम कधीच नव्हता. गेल्या वर्षी एकाच वाडीतली तीन भावंडं आली, तिघंही आत शिकताहेत. विषारी पेला आम्ही कुणाच्या ओठाला लागू देत नाही. तुझा काढा बरोबर होता, मुली. हिला पान ओळखता आलं असतं, तर तुम्ही दोघीही आत असता."

परतीच्या वाटेवर मैनाने सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी आपल्याला पान ओळखू आलं होतं, हेही सांगितलं. डोंगर दिसायला लागला तेव्हा वेणू थांबली.

"पुढच्या वर्षी मी पुन्हा येणार आहे," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर येईन की नाही, ते आज मला सांगता येत नाही."

आणि ती पुढे चालू लागली.

या गोष्टीचं तात्पर्य: ऐकीव गोष्टीला भिऊन सोबत्याला शत्रू मानलं, तर वाटही हातची जाते आणि सोबतही.