साखरेची जागा

“घरातून आणखी काय कमी करू, बुवा? तेवढं सांगा.”

पायरीवर चपला अगदी जोडीने लावून हेमांगी आत आली, आणि बसायच्या आधीच तिने हे विचारलं.

अच्युतबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आजवर काय काय कमी केलंस?”

एवढं विचारायचीच खोटी, ती सांगत सुटली. भांडी निम्म्यावर आणली. कपाटं रिकामी केली. उरलेल्या वस्तूंना जागा ठरवून दिल्या, डब्यांवर नावं चिकटवली. आता सकाळच्या घाईत घरात कुणालाच काही शोधावं लागत नाही. आणि पतपेढीतलं तिचं टेबल? ते बघायला दुसऱ्या शाखेतली माणसं येतात.

हे सांगताना तिचा आवाज जरा चढला. का चढू नये? सासूबाई गेल्यावर सगळं घर विस्कटलं होतं, ते तिने एकटीने मार्गी लावलं होतं. नोकरी सांभाळून एवढं करणं म्हणजे खायचं काम नाही.

“मग अडलंय कुठे?”

हेमांगी आता कुठे खाली बसली.

“मामंजींनी पिशवी भरलीय,” ती हळूच म्हणाली. “उद्याच्या एसटीने राजापूरला निघालेत, त्यांच्या धाकट्या भावाकडे. कायमचे.”

“भांडलात?”

“एका शब्दानेही नाही. ‘मला इथे काही कमी नाही, पोरी,’ एवढंच म्हणतात. पण राहायला तयार नाहीत.”

तिने ओढणीने डोळे टिपले. नवी नवरी म्हणून ती त्या घरात आली, तेव्हा तिला पहिल्यांदा खळखळून हसवलं होतं ते सासऱ्यांनीच. ते घरात नसतील ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

“कुठेतरी अजून पसारा राहिलाय, बुवा. त्याचाच त्रास होतोय त्यांना.”

बुवांनी हातातली वात पुरी वळली.

“आधी चहा टाक.”

मठाचा रिवाजच होता तो. येईल त्याने आत जाऊन स्टोव्ह पेटवायचा आणि चहा करायचा, आपल्यासाठी आणि बुवांसाठी. हेमांगीने कितीतरी वेळा तिथे चहा केला होता. कोण काय कुठे ठेवतंय, याकडे बुवा एरवी ढुंकूनही बघत नसत.

आज ते उठून तिच्या मागोमाग आले.

तिने पातेलं स्टोव्हवर ठेवलं. बुवांनी ते उचललं आणि दुसरं ठेवलं.

तिने साखर घालून डबा ओट्यावर ठेवला. बुवांनी तो फळीवर नेला, बोटभर सरकवून नीट लावला.

तिने चमचा खाली ठेवला. बुवांनी तो धुतला, पुसला, खिळ्याला अडकवला.

रागावणं नाही, बोलणं नाही...

“आलं घालू ना, बुवा?” तिने विचारलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

“घाल की.”

ती किसणीकडे वळली. हात मध्येच थांबला. किसणी घेतली तर नंतर ठेवायची कुठे?

पाणी उकळायला लागलं.

“पूड टाक.”

“तुम्हीच टाका, बुवा. मी बाहेर बसते. माझं काहीतरी चुकेल.”

बुवांनी पूड टाकली.

ती दारापर्यंत गेली आणि तिथेच खिळली. मामंजी रोज दुपारी आपला चहा आपण करायचे, आलं ठेचून. तिच्यासाठीही कपभर झाकून ठेवायचे. दिवाळीनंतर ते बंद झालं. वय झालं आता, असं ती समजली होती. मग ती सकाळीच थर्मास भरून ठेवायला लागली. त्याच्यावरही तिने नाव चिकटवलं होतं... ‘मामंजी’.

तिला रडू आवरेना.

“घरी असले की मी तुमच्यासारखीच उभी असायचे त्यांच्या मागे. त्यांनी कप ठेवला की मी उचलायचे. आणि मला वाटायचं, मी त्यांचं करतेय.”

“करतच होतीस, बाळ.”

बुवांनी स्टोव्ह बंद केला.

“मग आता काय करू? सगळं पुन्हा होतं तसं पसरून ठेवू?”

“छे, छे. घरी जा आणि त्यांना चहा टाकायला सांग,” बुवा म्हणाले. “मग नंतर तुला साखर सापडली नाही, तर कुठे ठेवलीत ते त्यांना विचार.”