तळ्याचा रंग उडाला

खूप जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

एका नगरात भिवरा नावाची चित्रकार बाई राहत होती. ती लाकडाच्या फळीवर चित्र कोरायची, त्या ठशाला रंग लावायची आणि कागदावर छाप उठवायची. ती कुठल्या राजाच्या आश्रयाला नव्हती. स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं आणि वर्षाच्या जत्रेत स्वतःच विकायचं, यावर तिचं पोट होतं.

एका वर्षी तिने तळं कोरलं. काठावर तीन बगळे, आणि बाकी सगळं पाणी. पाण्यासाठी तिला नीळ हवी होती. पण घाटातला रस्ता खचला आणि निळीचे व्यापारी आलेच नाहीत. जत्रा चार दिवसांवर आली. मग भिवराने कुंपणावरची गोकर्णाची फुलं खुडली, उकळली आणि त्यांचा रंग केला. तो निळीपेक्षाही देखणा उठला.

'टिकेल ना हा?' असं तिच्या मनात आलं. पण जत्रा जवळ होती. तिने तो प्रश्न मागे सारला.

जत्रेत लोक विचारत, "बाई, रंग पक्का आहे ना?"

"नातवंडं बघतील, इतका पक्का," ती सांगे.

तळ्याचे अकरा छाप हातोहात गेले. बारावा तिने आपल्या भिंतीवर लावला.

दीड महिना गेला. एके सकाळी भिवराचं चित्राकडे लक्ष गेलं. बगळे होते तसेच होते, पण खिडकीतल्या उन्हाने तळ्याचं पाणी राखेसारखं झालं होतं.

त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. चित्र घेतलेल्यांच्या आळ्या टाळून ती लांबून नदीवर जाऊ लागली. कुणी "अहो भिवराबाई" म्हणून हाक मारली, की ती न ऐकल्यासारखं करून भरभर पुढे जायची. हाक मारणाऱ्याला फक्त खुशाली विचारायची असायची. कोरायला बसली तर पटाशी निसटायची. अंगठा दोनदा कापला. रोज सकाळी उठून ती आधी चित्र बघायची, आणि रोज पाणी थोडं आणखी फिकं झालेलं असायचं.

'अजून कुणी काही बोललं नाही,' ती स्वतःला समजवायची. 'कदाचित त्यांच्या घरात ऊन येत नसेल.'

एकदा ती बाजारात भाजी घेत होती. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"गूळवाल्यांच्या घरचं कळलं का? सून आली आणि दारासमोरच्या चित्रातलं तळं आटायला लागलं म्हणे."

"पांढऱ्या पायाची असणार!"

"सासू तेच म्हणते. उद्या मुलीच्या बापाला बोलावलंय. परत पाठवणार तिला."

भिवराने हातातली मेथीची जुडी परत ठेवली. गूळवाल्यांनी ते चित्र मुलाच्या लग्नासाठी म्हणून तिच्याकडूनच नेलं होतं.

ती तडक म्हाताऱ्या कागदवाल्याकडे गेली. तिला कागद तोच पुरवायचा. तिने सगळं सांगितलं. म्हातारा हाताखालचा ओला कागद सारखा करत होता.

"गप्प बस, पोरी," तो म्हणाला. "एकदा तुझा रंग खोटा ठरला, की माझा कागदही खोटा ठरेल. लोक विसरतात."

"आणि ती मुलगी, काका?"

म्हाताऱ्याने पुढचा ओला कागद ओढला.

दुसऱ्या दिवशी भिवरा घरून निघाली. वाटेत दोनदा थांबली, एकदा तर मागेही वळली. उद्यापासून आपल्या दाराशी कुणी फिरकणार नाही, हे तिला दिसत होतं. तरी पाय ओढत ती गूळवाल्यांच्या अंगणात पोचली.

अंगणात माणसं जमली होती. मुलीचा बाप पागोटं मांडीवर घेऊन खाली बघत होता. मुलगी, शेवंता तिचं नाव, खांबाआड उभी होती. शेजारी तिचं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"थांबा," भिवरा म्हणाली. "दोष हिच्या पायाचा नाही. माझा रंग कच्चा होता."

सासू उसळली. "काहीतरी सांगू नकोस! ही आली आणि पाणी गेलं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

भिवराने भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि त्याची लाकडी चौकट सोडवली. चौकटीखाली कागदाची चारही बाजूंची बोटभर कड झाकलेली होती. तिथलं पाणी अजून निळंशार होतं.

"जिथे ऊन पोचलं तिथला रंग उडाला. हा गोकर्णाच्या फुलांचा रंग आहे. माझ्या घरी कुणी सून आली नाही, तरी माझंही तळं असंच आटलंय."

सासूने त्या निळ्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"महिना झाला."

"महिनाभर तोंड शिवलं होतं का तुझं?"

तेवढ्यात खांबाआडून शेवंता बोलली, "मी रोज उठले की आधी त्या पाण्याकडे बघायचे. आज आणखी कमी झालं का, म्हणून."

ते ऐकून भिवराला रडू फुटलं.

सासूने सुनेकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने स्वतःच्या हाताने ते गाठोडं सोडलं.

भिवरा उरलेल्या दहाही घरी गेली. कुठे नव्या चित्राचा शब्द दिला, कुठे दाम परत केले, कुठे शिव्या खाल्ल्या. एकाने तर भर पेठेत तिला खोटारडी म्हटलं. तिने ऐकून घेतलं, कारण तेही खरंच होतं.

पुढच्या जत्रेत तिच्या चित्रांपुढे कुणी थांबेना. दुपार कलली. अखेर परगावची एक बाई आली आणि तिने आंब्याच्या झाडाचं एक चित्र उचललं.

"रंग टिकेल ना?"

"पानांचा टिकेल," भिवरा म्हणाली. "मोहराचा पिवळा मात्र उन्हात उतरेल. दारासमोर लावणार असाल, तर घेऊ नका."

बाईने चित्र जरा लांब धरून पाहिलं. मग म्हणाली, "आमचं माजघर अंधारं आहे. द्या बांधून."

त्या जत्रेत भिवराचं तेवढं एकच चित्र विकलं गेलं. पण परतताना ती लांबच्या वाटेने गेली नाही. भर पेठेतून चालत घरी आली.

म्हणून सांगतो, आपली चूक आपण झाकून ठेवली, की तिचा डाग कुणा निरपराधाच्या कपाळी बसतो.