बांध कुणी फोडला?

ज्या काळाची गणती कुणी ठेवली नाही, अशा एका काळी मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक गाव होते. गावात कुंभार होते, धनगर होते आणि मासे धरणारे भोई होते.

त्या गावात एक बाई होती. आधी ती कुंभारांकडे चाक फिरवायला शिकली. मग धनगरांबरोबर मेंढ्यांमागे गेली. पुढे भोयांकडे जाळी विणू लागली. प्रत्येक काम तिला चांगले येई, पण काही काळाने कुठेतरी अपुरे वाटे आणि ती तिथून निघे. लोक तिला पाहुणी म्हणत. ‘आज कोणाकडे मुक्काम?’ असे विचारून हसत. तीही हसे. पण आपले असे काम या जगात आहे की नाही, या विचाराने तिचे मन आतून कुरतडले जाई.

एके सकाळी आकाश निरभ्र होते, वारा नव्हता, आणि तळ्याचा बांध फुटला.

पाण्याने खालची शेते नेली. म्हाताऱ्या कुंभाराची नात काठावर खेळत होती, तिला नेले. पाणी ओसरले तेव्हा गाव रडलेसुद्धा नाही. माणसे चिखलात उभी राहिली. कुणीतरी उगाच एक उलटी घागर सुलटी करून ठेवली.

दुपारनंतर लोकांना वाचा फुटली, आणि ती रागाची होती. आदल्या संध्याकाळी एका धनगराची मेंढरे बांधावर दिसली होती. त्याला बायकापोरांसकट गावाबाहेर काढायचे ठरले. त्याने मुकाट्याने सामान बांधायला घेतले.

बाई तोवर फुटलेल्या कडेवरून चालत होती. ती परत आली आणि म्हाताऱ्या कुंभारासमोर उभी राहिली.

“काका, बांधाच्या पायथ्याची माती मऊ, म्हणून आपण ती भांड्यांसाठी खणली. वरचं गवत मेंढ्यांनी खाल्लं. जाळ्यांच्या मेखा भोयांनी आतल्या अंगाला ठोकल्या आणि उपटल्या. तिन्ही कामं मी या हातांनी केलीत. बांध कुणी एकट्यानं फोडला नाही. सगळ्यांनी थोडा थोडा नेला.”

म्हाताऱ्याने आपल्या हातांकडे पाहिले. नखांत माती होती.

त्याने विचारले, “मग आधी का नाही बोललीस, पोरी?”

“माती खणताना गवत दिसलं नाही. मेंढ्या चारताना मेखा दिसल्या नाहीत. सगळं एकत्र आजच दिसलं.”

धनगराचे बांधलेले सामान कुणी न सांगता लोकांनीच सोडले.

नवा बांध उभा राहिल्यावर म्हातारा तिच्याकडे आला. माती कुठून काढायची, मेंढ्या कुठवर न्यायच्या, मेखा कुठे ठोकायच्या, हे तिने ठरवावे आणि सर्वांनी ऐकावे, असे तो म्हणाला. असले काम गावात पूर्वी कुणी केले नव्हते. त्याला नावही नव्हते. ती ते जन्मभर करत राहिली, आणि पुन्हा कुठे जावेसे तिला वाटले नाही. तो बांध टिकला. नात मात्र परत आली नाही.

आपण शिकलेले सारे जिथे एकत्र कामी येते, तेच आपले काम. ते तयार मिळाले नाही, तर घडवावे लागते, आणि वेळेवर घडवावे.