हैबतीच्या टिकाऊ प्लेटी

डोंगर फोडून खडी करणाऱ्या एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. नाव ऐकून माणसानं दचकावं आणि तोंड बघून हसावं, असा. आईबाप लहानपणीच गेले. यल्लप्पाअण्णा धोत्रे आणि त्यांची बायको तुळसाकाकू यांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. गावाबाहेर अण्णांचा खडीचा क्रशर होता. हैबती तिथंच कामाला होता. कामाला म्हणजे, तिथं असायचा.

हैबतीचं एक मात्र मानलं पाहिजे. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. विसरला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

क्रशर कुणी पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. त्याला लोखंडी जबडा असतो. जबड्यात दोन जाडजूड प्लेटी समोरासमोर बसवलेल्या. एक जागची हलत नाही, दुसरी पुढंमागं होते. वरून दगड पडतात, दोघींच्या मध्ये चावले जातात आणि खालून खडी पडते. दगड चावून चावून प्लेटी झिजतात, मग नव्या घालाव्या लागतात. प्लेट चांगली मिळाली तर महिनोन्महिने चालते. वाईट मिळाली तर प्लेटीबरोबर मालकही झिजतो.

त्या वर्षी गावाला दवाखाना मंजूर झाला. भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅबची खडी अण्णांनी द्यायची ठरली. पलीकडच्या टेकडीवर दुसरा क्रशर होता. त्याचा मालक या कामावर टपून बसला होता. ठेकेदार नलवडे अण्णांना म्हणाला, "स्लॅब एकदा सुरू झाला की मधे थांबत नाही. त्या दिवशी खडी कमी पडली तर ह्यापुढं माझं सगळं काम पलीकडच्या टेकडीला." अण्णांचा क्रशर चालायचा तो नलवड्याच्याच कामावर. अण्णांनी शब्द दिला. आणि नेमक्या तेव्हाच क्रशरच्या प्लेटी झिजून गुळगुळीत झाल्या.

अण्णांना खाणीतून हलता येईना. त्यांनी हैबतीला तालुक्याला पाठवला. म्हणाले, दुकानात असतील त्यांतल्या सगळ्यात कडक प्लेटी आण.

हैबती दुकानात गेला. कानस मागून घेतली आणि एकेक प्लेट घासत सुटला. एका जोडीवर कानशीचा ओरखडाही उठेना. दुकानदार चांगला माणूस होता. तो सांगू लागला, ही जोडी बारीक मालाची, मोठा दगड हिला सोसायचा नाही. हैबती म्हणाला, कडक आहे की नाही तेवढं सांगा. दुकानदार म्हणाला, कडक आहे. हैबतीनं जोडी टेम्पोत टाकली.

प्लेटी बसवल्या. पहिलाच मोठा काळा दगड जबड्यात पडला आणि प्लेटीचे दोन तुकडे झाले. दगडाला काही झालं नाही.

अण्णा कपाळाला हात लावून बसले. मग त्यांनी हैबतीला जवळ बसवून समजावलं. "आरं, नुसतं कडक बघू नये. नवं असताना जरा मऊच असावं. मार बसंल तसतसं ते कडक व्हत जातं. मार खाऊन घट्ट व्हतं, ते घ्यावं."

"ध्यानात ठिवलं, अण्णा," हैबती म्हणाला. आणि खरंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खाणीवरचा पाण्याचा माठ फुटला. तुळसाकाकूंनी हैबतीला कुंभारवाड्यात नवा माठ आणायला पाठवलं. हैबतीनं भाजलेल्या माठांवर अंगठा दाबून पाहिला. सगळे कडक. त्यानं मान हलवली. एका बाजूला कच्चे माठ सुकत ठेवले होते. त्यांत अंगठा रुतला. हैबतीचा चेहरा खुलला. सावळाराम कुंभार म्हणाला, बाबा, हा अजून भट्टीत जायचा आहे. हैबती त्याची कीव करत हसला. म्हणाला, मार दिला की होतो कडक.

खाणीवर आणून त्यानं माठाला लाकडाच्या फळीनं दुपारभर चोप दिला. मग पाणी भरून ठेवलं. तहानलेले गडी आले तेव्हा तिथं माठही नव्हता आणि पाणीही नव्हतं. चिखल होता, तो मात्र थंडगार होता.

काकूंनी हैबतीचा कान धरला. म्हणाल्या, "माठ घेताना टिचकी मारावी, मेल्या. खणखणीत वाजला तर घ्यावा. बद्द वाजला तर तडा गेलाय म्हणायचं आन् सोडून द्यायचा."

"ध्यानात ठिवलं, काकू."

इकडं स्लॅबचा दिवस जवळ येत चालला होता. जुन्या प्लेटी खालून जास्त झिजल्या होत्या. त्या काढून उलट्या बसवल्या तर नव्या येईपर्यंत थोडीफार खडी निघाली असती. पण ते काम मिस्त्रीचं. अण्णांनी हैबतीला सांगितलं, तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर चहाच्या टपरीपाशी मिस्त्री बसलेले असतात, त्यांतला एक चांगला बघून आण.

हैबती टपरीवर गेला. पहिल्या मिस्त्रीच्या कपाळावर टिचकी मारली. बद्द वाजली. त्याला सोडून दिलं. दुसऱ्याला मारली. तीही बद्द. तो मिस्त्री चहाचा कप हातात धरून बघतच राहिला. तिसरा होता दस्तगीर मिस्त्री, तालुक्यात त्याच्यासारखा कारागीर नव्हता. हैबतीनं त्यालाही टिचकी मारली. दस्तगीरनं कप खाली ठेवला, उठला आणि हैबतीच्या कानाखाली अशी लगावली की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

आवाज अगदी खणखणीत आला. हैबतीनं गाल चोळत विचार केला, वाजलं ते कोण? आपणच. तो आल्या एस.टी.नं परत निघाला.

"मिस्त्री कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"मीच," हैबती म्हणाला. "बाकीच्यास्नी सगळ्यास्नी तडा गेलाय."

अण्णांनी त्याला पुन्हा जवळ बसवलं. मग म्हणाले, "आरं, माणसाला टिचक्या मारत न्हाईत. माणूस आला तर हात जोडावं. चहा पाजावा. तो म्हणंल तसं ऐकावं, त्याला हातभार लावावा."

"ध्यानात ठिवलं, अण्णा."

शेवटी अण्णा स्वतः गेले. दस्तगीर मिस्त्रीच्या हातापाया पडून त्याला आणलं आणि जुन्या प्लेटी उलट्या करून घेतल्या. क्रशर कण्हतकुथत चालू झाला. मग अण्णांनी शहरात जाऊन, चार दुकानं पालथी घालून, मार खाऊन घट्ट होणाऱ्या खऱ्याखुऱ्या पोलादाची नवी जोडी आणली. ती लिंबाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवली. हैबतीला राखणीला बसवलं आणि घरी जेवायला गेले.

भर दुपारी एक अनोळखी माणूस टेम्पो घेऊन आला. इकडंतिकडं बघत तो गोणपाट चाचपू लागला. हैबती लगबगीनं उठला. त्यानं हात जोडले. चुलीवर चहा टाकला. चोर आधी पळायच्या बेतात होता, पण चहात आलं घातलेलं बघून बसला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, या प्लेटी तेवढ्या टेम्पोत चढवायच्या आहेत. हैबती म्हणाला, चढवू की. त्यानं जड माल उचलायची चेनकप्पी लावली आणि दोन्ही प्लेटी अलगद टेम्पोत ठेवल्या. टेम्पो चालू होईना, तेव्हा धक्काही हैबतीनंच मारला. वर सांगितलं, पुन्हा या.

अण्णा जेवून आले तेव्हा लिंबाखाली चहाचे दोन कप होते.

त्या दिवशी अण्णांना खरोखरच रडू आलं. हैबतीवर हात उगारावा असं त्यांच्या मनात आलं, पण पोराच्या तोंडाकडं बघून हात उठेना. डोळे पुसून ते म्हणाले, "हैबती, आता हे शेवटचं सांगतो. आपल्या वस्तूचं ज्याच्यापायी नुकसान व्हतं, त्याला तिच्याजवळ फिरकू द्यायचं न्हाई. काठी घेऊन हुबं ऱ्हायचं. तो कुणीबी असंना, केवढाबी असंना."

"ध्यानात ठिवलं, अण्णा," हैबती म्हणाला. त्यालाही रडू येत होतं. अण्णांना आपण रडवलं, हे त्याला फार लागलं होतं.

अण्णांनी कुठून कुठून जुळवाजुळव करून तिसरी जोडी आणली. स्लॅबच्या आदल्या दिवशी दस्तगीर मिस्त्रीनं ती बसवून दिली.

स्लॅबची सकाळ उजाडली. अण्णा कोरे कपडे घालून क्रशरवर आले. नव्या प्लेटींवरून हात फिरवत म्हणाले, "ह्या प्लेटींवर माझी अब्रू हाय, हैबती. आज ह्यास्नी काय झालं तर मी संपलो."

हैबतीनं विचारलं, "अण्णा, ह्यांचं नुकसान कशापायी व्हतं?"

"दगडापायी. दुसरं काय," अण्णा म्हणाले. "दगडच खातो ह्यास्नी." मशीन चालू करायला सांगून ते गावात निघून गेले.

हैबतीला चोर कळला.

दवाखान्यापाशी सगळा गाव लोटला होता. नारळ फुटला. बाया घमेली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. जुन्या प्लेटींनी काढलेली थोडी खडी तिथं ढीग घालून ठेवली होती, तिच्यावर काम सुरू झालं. मिक्सर फिरू लागला. डोंगराकडून क्रशरची घरघर ऐकू येत होती. अण्णांनी ठेकेदाराला ऐकवलं, "बघा, आवाज कसा गुळगुळीत येतोय. प्लेट चांगली असली की दगड फुटल्याचं कळतसुदिक न्हाई."

ठेकेदारानं मान डोलावली. स्लॅबचा पाव भाग झाला. खडीचा ढीग संपत आला, पण डोंगरावरून एकही गाडी उतरेना. ठेकेदार एकदा रस्त्याकडं बघे, एकदा अण्णांकडं. शेवटी घमेली रिकामी झाली आणि बाया पदरानं वारा घेत बसल्या. ठेकेदारानं खिशातून मोबाइल काढला. अण्णा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसले आणि क्रशरकडं सुटले.

क्रशरच्या वरच्या अंगाला दगडांनी भरलेले डंपर उभे होते. खालच्या अंगाला खडीसाठी आलेले रिकामे डंपर उभे होते. ड्रायव्हर सावलीत पत्ते कुटत होते. मधे क्रशर रिकाम्या तोंडानं गरजत होता. जबड्याच्या तोंडाशी, उन्हात, हातात काठी घेऊन हैबती उभा होता. काकूंनी पाठवलेल्या भाकरीचं फडकंसुद्धा त्यानं सोडलं नव्हतं. खाली वाकलं आणि तेवढ्यात एखादा घुसला तर?

अण्णांना बघून तो हसला.

"अण्णा, या, हात लावून बघा. एक ओरखडा न्हाई. पार डंपर भरभरून आले व्हते, पर एकाला फिरकू दिला न्हाई."

"मुडद्या, दगड का घातला न्हाईस?" अण्णा ओरडले.

हैबतीला फार नवल वाटलं. एवढे जाणते अण्णा, आणि असं विचारतात.

"घातला असता तर झिजल्या नसत्या का?"

अण्णांनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली. तेवढ्यात पलीकडच्या टेकडीवरून खडीच्या गाड्या एकामागून एक गावाकडं उतरायला लागल्या.

दवाखाना उभा राहिला, चांगला चालतो. अण्णांचा क्रशर मात्र त्या दिवशी बंद झाला तो झालाच. पण खरं ते सांगावं. प्लेटी आजही जशाच्या तशा आहेत. पंचक्रोशीत इतक्या टिकलेल्या प्लेटी दुसऱ्या कुणाच्या नाहीत.