धगीच्या खोलीतून आधी कोण उठतं

"माझं काय चुकलं, ते तरी सांगा."

वीरभद्राने आपल्या गुरूंना, अण्णास्वामींना, तिसऱ्यांदा विचारलं. ते नुकतेच परगावाहून परतले होते. पडवीत चटईवर भिकाजी साळी निजवलेले होते, तोंडावर धोतर ओढलेलं. तासाभरापूर्वी म्हातारा जिवंत होता.

मठाच्या पायरीवर भिकाजींची मुलगी राही वाट पाहत बसली होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं वीरभद्रानेच. पण आपला दोष नाही, एवढं स्वामींच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याचा पाय उचलेना.

मठातली धगीची खोली पंचक्रोशीत नावाजलेली. तापल्या दगडांची कोरडी धग, वाफ अजिबात नाही. काठी टेकत आलेली माणसं महिनाभरात आखडलेले गुडघे मोकळे करून घरी जात. रोग्यासोबत मठातल्या कुणीतरी आत बसायचं, ही जुनी रीत. चाळीस वर्षं स्वामीच बसत, आणि दरवेळी थोड्याच वेळात कपाळ पुसत उठत. "बास बुवा, मला नाही सोसत."

वीरभद्राला याचं मनातल्या मनात हसू यायचं. तो एकटा आत जाई तेव्हा तिप्पट वेळ बसे, ताठ, डोळे मिटून. आपल्या सोसण्याचा गड्याला भारी तोरा! आज भिकाजींबरोबर तो तसाच बसला होता.

"उपाशी नव्हते ते. पाणी पाजून आत नेलं होतं. दाराला कडीसुद्धा नव्हती. उठायचं होतं ना त्यांनी... मी काय धरून ठेवलं होतं?"

"चल," स्वामी म्हणाले.

दोघं खोलीत जाऊन बसले. दगड अजून तापलेलेच होते.

आता उठतील... आता उठतील... स्वामी उठेनात.

सकाळच्या घामाने वीरभद्र आधीच सुकला होता. जीभ टाळूला चिकटली. छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तो जागचा हलला नाही.

शेवटी स्वामींनीच त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"का नाही उठलास?"

"तुम्ही बसला होतात... तुमच्या आधी मी कसा..."

आणि त्याला सकाळ आठवली. आत शिरताना सत्तरीचे भिकाजी त्याच्या पाया पडले होते. त्यानेही त्यांना पडू दिलं होतं.

वीरभद्र मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. स्वामींनी त्याला घोट घोट पाणी पाजलं. मग तांब्या पुन्हा भरून त्याच्या हातात ठेवला.

"तिला काय सांगू, स्वामी?"

स्वामींनी पायरीकडे बोट दाखवलं.

"कधीची उन्हात बसली आहे ती. पाणीसुद्धा मागितलं नाही तिनं."