गेनबा अध्यक्षांची कडी

एका गावात एक भोळा अध्यक्ष होता. गावाचं नाव उंबरदरा, अध्यक्षाचं नाव गेनबा. तो अध्यक्ष कसा झाला ते आधी सांगतो, म्हणजे गाव किती शहाणं होतं तेही कळेल.

गावातल्या सरकारी शाळेला पालकांची एक समिती होती. समितीला अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्षाला सभेला यावं लागतं. म्हणून कोणीच तयार होईना. गेनबा मात्र सभेला आला होता, कारण शाळेच्या हिवाळे बाईंनी त्याला "या" म्हटलं होतं. दुसरं कोणी आलंच नव्हतं. झाला अध्यक्ष, सर्वानुमते. वहीत मात्र सगळ्या पालकांच्या सह्या होत्या. उंबरदऱ्यात माणसं सभेला जात नसत, सभेची वहीच माणसांच्या घरी जात असे.

एके दिवशी तालुक्याहून पत्र आलं. शाळेत पोरं एकोणीसच. गावाला शाळेची गरज आहे का, हे बघायला शुक्रवारी मोठे साहेब येणार. गाव जमलं नाही, तर शाळेला टाळं, आणि पोरं ओढ्यापलीकडच्या मोरखिंडीला. पावसाळ्यात त्या ओढ्याला गळ्याएवढं पाणी.

गेनबाची कस्तुरी तिसरीत होती. गेनबाला अक्षर येत नव्हतं. औषधाच्या बाटलीपासून बियाण्याच्या पिशवीपर्यंत सगळं तीच त्याला वाचून दाखवी. तो धावत बाईंकडे गेला.

"बाई, शाळा ऱ्हायली पायजे. तुमी सांगाल तसं करीन."

तिथंच घात झाला. बाई म्हणाल्या, "गेनबा, अध्यक्षानं आपल्या मनानं काही करू नये. आधी चार लोकांचं मत घ्यावं."

सोमवारी एक बैल शाळेत शिरला आणि त्यानं खिचडीच्या पातेल्यात तोंड घातलं. गेनबानं ते पाहिलं आणि तो मत घ्यायला गावात गेला. तिघं म्हणाले, "हाकल." चौथा म्हणाला, "मीठ कमी असेल तर आपणच जाईल." चार मतं घेऊन गेनबा परत आला, तेव्हा बैल पातेल्याचा तळ चाटत होता. मीठ बरोबर पडलं होतं.

"अहो, विचारत काय बसता?" बाई ओरडल्या. "पातेल्यात तोंड घालताना दिसला, की काठी घ्यायची आणि कुंपणापर्यंत पिटाळायचं!"

"बरं," गेनबा म्हणाला.

मंगळवारी केंद्रप्रमुख खिचडी तपासायला आले. त्यांनी झाकण काढलं, वाकून वास घेतला. गेनबानं काठी घेतली. केंद्रप्रमुख कुंपणापाशी थांबले नाहीत, थेट एसटीच्या थांब्यावर जाऊन थांबले.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो गेनबा, माणूस होता तो! शाळेत आलेल्या माणसाला हार घालावा, नारळ द्यावा, पुन्हा या म्हणावं."

"आसं व्हय? आधी सांगायचं की."

बुधवारी शाळा सुटल्यावर एक अनोळखी माणूस पोतं घेऊन आला. त्यानं व्हरांड्यातली पितळी घंटा काढून पोत्यात घातली. गेनबानं त्याला थांबवलं, झेंडूचा हार घातला, नारळ दिला, पोतं उचलायला हात लावला आणि म्हणाला, "पुन्हा या."

चोर शब्दाला जागला. गुरुवारी पुन्हा आला आणि पातेलं घेऊन गेला. गेनबानं दुसरा नारळ तयारच ठेवला होता.

आता बाईंना रडू फुटलं. उद्या साहेब येणार, शाळेत ना घंटा, ना पातेलं, आणि बहुतेक ना गाव. "गेनबा, पाया पडते तुमच्या! अनोळखी माणूस वर्गात शिरला, की बाहेरून कडी घालायची. सगळं गाव जमेपर्यंत काढायची नाही. ब्रह्मदेव आला तरी!"

"बरं," गेनबा म्हणाला.

शुक्रवारी साहेब तासभर आधीच आले. बाई घरोघरी लोकांच्या विनवण्या करत फिरत होत्या. कोणाला शेतात भांगलण होती, कोणाची गाय व्यायला झाली होती. साहेबांनी रिकामं अंगण पाहिलं, मान हलवली आणि ते वर्गात शिरले. गेनबानं कधी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यानं कडी घातली.

साहेब आतून दार बडवू लागले. गेनबानं साहेब कोंडला, ही बातमी गावात पसरली. भांगलण राहिली, गायही राहिली, लोक धावत आले. एवढी मजा उंबरदऱ्यात कधी झाली नव्हती.

"गेनबा, कडी काढ! साहेब आहे तो!"

"आसंल. सगळं गाव जमलं का?"

"जमलंय की!"

"पारूआजी कुठं हाय?"

पारूआजीला बाजेवर घालून आणलं.

"दामूची बायकू?"

"अरे, बाळंतीण आहे ती!"

"मग बाळ बी गावातलंच झालं की."

बाळही आलं. इकडे साहेब ओरडून थकले. कस्तुरीनं खिडकीच्या गजांतून त्यांना पाण्याचा तांब्या दिला. साहेबांनी सहज विचारलं, "वाचता येतं का गं?" तिनं तिसरीचं पुस्तक न अडखळता वाचून संपवलं. मग साहेबांच्या हातातला कागद वाचायला घेतला.

"'सदर गावातील पालकांना शाळेविषयी आस्था नाही.' साहेब, आस्था म्हणजे काय?"

 हा शेरा साहेबांनी गाडीतच लिहून आणला होता.

कडी निघाली. साहेब बाहेर आले, तर अंगणात दोनशे माणसं, एक बाज आणि एक सहा दिवसांचं बाळ. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. शाळा राहिली. गेनबा बायकापोरांसमोर ढसाढसा रडला, आणि त्या दिवशी त्याला कोणी हसलं नाही.

इथं थांबलो असतो, तर गोष्ट शहाण्याची झाली असती.

पुढच्या महिन्यात साहेबांनी तालुक्याला चाळीस गावांच्या समित्यांचे अध्यक्ष बोलावले. चाळिसावा गेनबा. साहेब कौतुकानं म्हणाले, "गेनबा, सगळं गाव शाळेत कसं जमवायचं, ते जरा या मंडळींना सांगा."

गेनबा उठला. "सांगून कळायचं न्हाई साहेब. करूनच दावतो."

तो बाहेर गेला. त्यानं कडी घातली आणि पायरीवर बसून तंबाखू मळायला घेतली.

आत गलका झाला. सगळ्यात आधी साहेब ओरडले, कारण त्यांना पद्धत माहीत होती. गेनबानं कडी घातल्याचं उंबरदऱ्यालाही कळलं. गाव टेम्पो करून आलं, पारूआजीची बाज टपावर.

"गेनबा, उघडा हो!" साहेब आतून कळवळून म्हणाले.

"उघडतो की साहेब," गेनबा म्हणाला. "आमचं गाव आलंय. आता फकस्त येकोणचाळीस ऱ्हायलीत."