गाण्याच्या बदल्यात गाणं

समुद्राची गाज ऐकू येते पण समुद्र काही दिसत नाही, अशा जागी केळीच्या बागांत दडलेलं एक इवलंसं गाव होतं. तिथे सेसू नावाची मुलगी तिच्या पास्कू आजोबांबरोबर राहायची. आईबाप ती लहान असतानाच देवाघरी गेले होते. घरात कधी पेज असे, कधी पेजेचं नुसतं पाणी. आईची म्हणून सेसूकडे एकच गोष्ट उरली होती, अंगाईचं एक कडवं. तेच गुणगुणत ती रोज झोपी जायची.

आणि त्या गावचा आगमनकाळ! काय सांगू त्याची मजा! आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, बाळयेशूची वाट पाहायचे दिवस. देवळात हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटायची, तीन जांभळ्या नि एक गुलाबी गुलाबी. चौथ्या रविवारी तिन्हीसांजेला अख्खं गाव कंदील घेऊन दारोदार गात निघायचं. पुढे पास्कू आजोबा. ते कडवी म्हणायचे आणि मागून सगळे नुसतं "ये रे बाळा, ये!" म्हणायचे. कडवी कुणी शिकलंच नाही. आजोबा आहेत की, मग कोण घेतो कष्ट!

त्या वर्षी आजोबांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कडवी घेऊन गेला.

"सेसू, पहिली ओळ काय होती गं?" आजोबांनी विचारलं.

"मला फक्त 'ये रे बाळा' येतं हो, आजोबा."

आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले. पेजेला हात लावीनात. दिवसेंदिवस वाळत चालले. आता आजोबाही मला सोडून जाणार की काय, ही भीती सेसूला रात्रंदिवस छळायची.

चौथ्या रविवारी दुपारी ती भाजीसाठी केळफूल काढायला बागेत गेली. फूल छान टपोरं, गर्द जांभळं होतं. पण त्याला लटकून एक चिमुकला पक्षी मध पीत होता. सेसूच्या पोटात कावळे कोकलत होते. तरी ती म्हणाली, "पी रे बाबा, सावकाश पी." आणि खाली बसून राहिली.

पक्षी उडाला, तशी केळफुलाची एक पाकळी अलगद उचलली गेली. आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली! जांभळी झगझगीत साडी, गुलाबी काठ, आणि पंखांवर सोनेरी सोनेरी ठिपके.

"तू देवदूत आहेस?" सेसूने डोळे विस्फारले.

"छे गं! देवदूत मोठे लोक. मी आपली बागेतली साधी परी. तुला वाट पाहता येते, म्हणून तुला एक इच्छा दिली. माग."

"माझ्या आजोबांना त्यांचं गाणं परत दे."

परीचा चेहरा एवढासा झाला. "देईन, सोनुले. पण नियम आहे. गाण्याच्या बदल्यात गाणं द्यावं लागतं. आणि दिलेलं मी परत आणू शकत नाही."

सेसूकडे एकच तर गाणं होतं! तिला रडू फुटलं. खूप रडली बिचारी. मग नाक पुसून तिने आईची अंगाई शेवटची म्हटली. म्हणता म्हणता एकेक शब्द पिवळी ठिणगी होऊन केळफुलात शिरला. शेवटची ठिणगी विझली, आणि आपण काय गात होतो हे सेसूला आठवेना.

ती घरी धावली, तोवर तिन्हीसांज झाली होती. आजोबा दारात उभे होते, हातात कंदील!

"दार उघडा, दिवा लावा, पाहुणा येतो पायी,
थंडीत त्याला ऊब द्यायला बसली मरिया आई!"

घराघरांतून माणसं धावली. म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. "मला शिकवा कडवी," "मलाही शिकवा," पोरं आजोबांना चिकटली. सेसूही हसत होती, पण आत कुठेतरी रितं रितं वाटत होतं.

शेवटचं घर आंजेलीन काकीचं. गलक्याने तिचं बाळ जागं झालं, म्हणून उंबऱ्यावर बसून ती हळूच अंगाई गाऊ लागली. सेसू जागीच थबकली. असं गोड गाणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं!

"काकी, कुणाचं गं हे?"

"अगो वेडे, तुझ्या आईचं! तुझा पाळणा हलवताना गायची ती. मी तिथेच शिकले. तीनही कडवी येतात मला."

"तीन?"

"मग! बस इथे, ऐक."

सेसू काकीला बिलगून बसली. काकीने तिसरं कडवं सुरू केलं,

"चांदणं म्हणे, पापणीवर थोडं थोडं निजू,
माझ्या मांडीवरती हसे माझी सोनी सेसू."

आईने गाण्यात तिचं नाव गुंफलं होतं, आणि सेसूला ते आजवर ठाऊकच नव्हतं!

तेवढ्यात आजोबांच्या कंदिलाची वात भपकन मोठी झाली. त्या लखलखाटात जांभळी साडी क्षणभर चमकली. परी सेसूकडे पाहून हसली, आणि उजेडात उजेड होऊन गेली.

सेसूचं तिकडे लक्षच नव्हतं. ती म्हणत होती, "काकी, पुन्हा म्हण ना!"